मेंढराचं आख्यान

आमच्या घरात कीर्तन करणारी ती. मी नुसता पेटीवाला. हे आधीच सांगून टाकतो, कारण अजूनही कुणीतरी फोन करतं, "साहेब, तुमचं कीर्तन ठेवायचंय" म्हणतं, आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. माझं कीर्तन कधी नव्हतंच. मी उभा जन्म ओझरच्या कारखान्यात लेथवर काढला. माणसांशी बोलायची मला ना सवय ना हौस. बोलायचं काम बायकोचं. ती बोलायला उभी राहिली की मी पेटीमागे बसून तोंड बंद ठेवायचं, असा आमचा संसार चालला आणि चांगला चालला.

ख्रिस्ती माणसं कीर्तन करतात म्हटलं की पुष्कळांच्या भुवया वर जातात. येशूचं कीर्तन? झांज बिंज घेऊन? हो, झांज घेऊन. पांढरी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, आधी नमन, मग पूर्वरंग, मग आख्यान. तिचे वडील करायचे, त्यांच्या आधी त्यांचे चुलते करायचे. त्यामुळे तिला त्यात वेगळं काही वाटायचंच नाही. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती आणि पोरांकडून पाढेसुद्धा चालीवर म्हणून घ्यायची. मी तिला बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी मला पगार विचारला नाही. पेटी येते का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, चर्चमध्ये गाण्यांना साथ करतो. ते म्हणाले, मग जमेल.

नाताळ आला की आमच्या चर्चचे तरुण गाणी म्हणत घरोघर फिरायचे. पण घरं कुठली, तर आमचीच. हिला ते पटायचं नाही. "ज्यांना गोष्ट पाठ आहे त्यांनाच आपण पुन्हा पुन्हा सांगतोय," ती एकदा पाळकसाहेबांना म्हणाली. "समोरच्या वहिनी इतकी वर्षं माझ्याकडून केक घेतात, मी त्यांच्याकडून खीर घेते, पण आम्ही नाताळात नेमकं काय साजरं करतो हे त्यांना कुणी सांगितलंय?" समोरच्या वहिनी म्हणजे आमच्या शेजारी, बौद्ध कुटुंब, त्यांचे यजमान जिल्हा परिषदेत क्लार्क होते. पाळकसाहेब म्हणाले, मग काय करायचं म्हणता? ती म्हणाली, काही नाही, कीर्तन चर्चच्या बाहेर आणायचं. आणि त्याच रविवारी संध्याकाळी आमच्या गल्लीतच सतरंजी टाकली. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या, मेथीची जुडी मांडीवर घेऊन, निवडत निवडत.

मग आम्ही बाहेर पडायला लागलो. अंबडच्या कामगार वसाहतीत, शहराच्या कडेला झेंडू आणि पालक पिकवणाऱ्या मळ्यांवर, लांब सटाण्याकडच्या खेड्यांत. तबलजी ज्या गावात जाऊ तिथलाच, बहुतेक करून तिथल्या भजनी मंडळातला. त्यांना ताल सांगावा लागायचा नाही. एकदा अंबडला एक तरुण मोबाइल वर धरून पुढे आला. "ताई, हे धर्मांतराचं वगैरे नाही ना? मी शूटिंग करणार." माझा हात भात्यावरून उचलला गेला. मी तसा तापट माणूस, उठून चार शब्द सुनावले असते. पण हिने त्याला अगदी शाळेतल्या आवाजात सांगितलं, "करा ना भाऊ. पण असे कडेला नका उभे राहू, मध्ये बसा, आवाज नीट येईल." तो बिचारा मध्ये बसला आणि शेवटपर्यंत बसला. जाताना म्हणाला, आईला दाखवतो.

तिची आख्यानं बरीच होती, पण लोक मागायचे ते एकच. हरवलेल्या मेंढराचं. गोष्ट काय, चार ओळींची आहे. मेंढपाळाचं एक मेंढरू हरवतं, तो सगळा कळप सोडून त्या एकाला शोधत निघतो, सापडल्यावर खांद्यावर घालून घरी आणतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून सांगतो की माझ्यासोबत आनंद करा. संपलं. पण ही त्या चार ओळींत तासभर माणसं बसवून ठेवायची, आणि त्याचं कारण तिची एक खोड होती. कुठल्याही गावात उतरलो की चहा हातात यायच्या आत ती विचारायला लागायची: इथली टेकडी कुठली, ओढा कुठला, जनावरं पाण्याला कुठं नेता, कोणाचा कुत्रा चावतो? आणि संध्याकाळी तो मेंढपाळ त्याच गावातून चालत जायचा. अंबडला तो कारखान्याच्या गेटवर जाऊन वॉचमनला विचारायचा, आणि वॉचमन म्हणायचा, पास दाखव. सगळी सेकंड शिफ्ट खदाखदा हसायची. मळ्यावर तो झेंडूच्या सरींमधून वाकून वाकून बघायचा, आणि एखादी बाई मागून ओरडायची, अहो, पाय जपून, कळ्या आहेत. लोकांना वाटायचं, हा आपल्याच शिवारात आलाय. मग त्यांनाही त्या मेंढराची काळजी लागायची.

त्यात माझं काम एवढंच. मेंढपाळ शोधायला निघाला की पेटी बंद. नुसतं तिचं बोलणं आणि मधूनच एक झांजेचा ठोका. मी भात्यावर हात ठेवून वाट बघायची. ती वाकायची, झुडूप बाजूला करायची, थांबायची, आणि हलकेच म्हणायची, "सापडलं." त्या शब्दावर माझं बोट वरच्या सा वर पडायचं. इतक्या वेळच्या शांततेनंतर तो सूर निघाला की समोरच्या माणसांचे खांदे खाली यायचे. मला दिसायचं ते. कारखान्यात मी तयार केलेला कुठलाही पार्ट पुढे कुठे बसला हे मला कधी कळलं नाही. हा सूर कुठे बसतो ते मात्र मी दर वेळी बघत होतो.

मग अंबडलाच एकदा आख्यान लांबलं. मेंढपाळ वॉचमनकडून निघाला, नाल्याकडे गेला, पाण्याच्या टाकीकडे गेला, आणि परत वॉचमनकडे आला. वॉचमनने परत पास मागितला. लोक परत हसले. मलाही वाटलं, आज रंगात आहे बाई. तो तिसऱ्यांदा गेटवर आला तेव्हा लोक हसता हसता गप्प झाले, त्यातला दमलेपणा त्यांना जाणवला, एक म्हातारी पदर डोळ्यांना लावून बसली. शेवटी सापडलं. मी सूर धरला. पाळकसाहेब गहिवरून म्हणाले, ताई, आज काय सांगितलंत तुम्ही, माणूस एकाच दारात कितीदा जातो. सगळ्यांनी तेच म्हटलं. आम्ही कीर्तनातली माणसं, लांबलं की रंगलं असंच समजतो. दुसऱ्या कुठल्या कामात कुणी तेच तेच तीनदा केलं असतं तर लगेच विचारलं असतं, बरं आहे ना?

घरी येताना ती स्कूटरवर मागे बसली होती. द्वारका चौक सोडल्यावर म्हणाली, "अहो, सापडलं ना हो ते?"

मी हसलो. म्हटलं, "सापडलं म्हणून तर वाजवलं."

"हं," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरचा हात तिने जरा घट्ट केला.

पुढचं सगळं हळूहळू. आमटीत दोनदा मीठ. गॅसवर दूध आणि ही गच्चीवर. शाळेतल्या जुन्या सहकारी बाई रस्त्यात भेटल्या तर त्यांच्याशी पंधरा मिनिटं गप्पा आणि घरी आल्यावर, "कोण होत्या हो त्या?" पुण्याहून मुलगी आली, तिने दोन दिवस आईला नीट पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर सज्जन होते. फोटो दाखवून म्हणाले, मेंदू आकसत चाललाय, औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही. मी त्या फोटोंकडेच बघत राहिलो. हिनेच विचारलं, अगदी शांतपणे, पोरांच्या प्रगतिपुस्तकाबद्दल विचारावं तसं, "आधी काय जाईल? गोष्टी, की माणसं?"

डॉक्टर म्हणाले, ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. मुलगी गाडी आणायला गेली होती. ही म्हणाली, "माणसं गेली तरी चालेल एक वेळ. तुम्ही आहात ओळख करून द्यायला. गोष्ट नको जायला."

मला राग आला. खरं सांगतो, त्या क्षणी मला फार राग आला. इतक्या वर्षांचा नवरा शेजारी उभा आहे आणि हिला त्या मेंढराची पडलीय. पण तिचा चेहरा बघितला आणि राग पार उतरला. ती घाबरली होती. मी तिला आमच्या मुलीच्या बाळंतपणातसुद्धा घाबरलेली पाहिली नव्हती.

"अहो, एक कबूल करा," ती म्हणाली. "सटाण्याकडचं हंगामाच्या सणाचं कीर्तन आहे ना, तिथे मला नेऊन उभं करा. मी अडकले तर अडकू दे. तुम्ही संपवायचं नाही."

"असं कसं? लोक बसलेले असणार."

"बसू दे. तुम्ही संपवलंत तर ते तुमचं होईल. माझ्या तोंडून ते मेंढरू घरी यायला पाहिजे. एकदाच."

मी म्हणालो, बरं. तिने त्या वेळी काहीही मागितलं असतं तरी मी बरं म्हणालो असतो.

मग आमच्या घरी दुपारची तालीम सुरू झाली. जेवणं झाली की मी पेटी काढायचो, ती पदर खोचायची. काही दिवस सरळ पार पडायचे. काही दिवस मेंढपाळ आमच्याच गल्लीत हरवायचा. समोरच्या वहिनी फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या, आणि ती अडकली की त्यांचे ओठ हलायचे, पण आवाज काढायच्या नाहीत. त्यांनाही मी सांगून ठेवलं होतं. मला एक युक्ती सुचली. संडे स्कूलच्या पोरांसाठी तिने पूर्वी कापसाची मेंढरं शिवली होती, काळ्या मण्यांच्या डोळ्यांची. त्यातलं एक ट्रंकेत सापडलं. ते मी पेटीच्या मागे ठेवायला लागलो, तिला वळल्यावर दिसेल असं. दिसलं की तिचा चेहरा उजळायचा, ती ते उचलून खांद्यावर घ्यायची आणि शब्द आपोआप यायचा. सापडलं. मी सूर धरायचो. वहिनी फाटकातून टाळ्या वाजवायच्या. मला वाटायला लागलं की जमेल. माणसाला काय, आशा करायला काहीही पुरतं.

सटाण्याच्या पुढे असलेल्या त्या गावात आमची घरं मोजकीच. पण हंगामाच्या सणाला, पिकाबद्दल देवाचे आभार मानायला, ती सगळ्या गावाला बोलावतात, आणि सगळं गाव येतं, कारण तिथल्या लोकांना कीर्तन कानाने कळतं. शाळेच्या पटांगणात दुपार कलल्यावर लोक जमले. कांद्याच्या लागवडीवरून आलेल्या बायका, हातांना माती तशीच. पुढे एक पटकेवाले आजोबा, काठीवर हनुवटी टेकून. गावातल्याच भजनी मंडळाचा तबलजी. हिने आल्या आल्या नेहमीसारखं विचारून घेतलं, टेकडी कुठली, नदी कुठली. मी कापडी मेंढरू पेटीमागे ठेवलं आणि देवाला म्हणालो, मी तुझ्याकडे फारसं काही मागत नाही, आज माग काढून दे.

नमन सुरेख झालं. पूर्वरंगात ती एकदाही अडखळली नाही. साडीचा पांढरा पदर, पायाचा ठेका, आवाज सगळ्या पटांगणाला पुरेल असा. लोक पहिल्या पाच मिनिटांत तिचे झाले. आख्यान लागलं. मेंढपाळाने संध्याकाळी मेंढरं मोजली, एक कमी भरलं. बायको म्हणाली, अहो, एकच ना, जाऊ द्या, जेवून घ्या. तो म्हणाला, ते एकच तर. आणि निघाला. मी पेटी बंद केली.

तो नदीवर गेला. तो टेकडीवर गेला. कांद्याच्या चाळीमागे पाहिलं, पंपाच्या खोलीमागे पाहिलं. मग परत नदीवर गेला. ती वळली आणि तिला कापडी मेंढरू दिसलं. चेहरा उजळला, अगदी घरच्यासारखा. तिने ते उचललं. माझं बोट पट्टीवर गेलं. ती मेंढरू घेऊन पुढे आली, पहिल्या रांगेतल्या एका लहान मुलीसमोर वाकली आणि म्हणाली, "हे तुझं आहे का गं? पडलं होतं बघ तिकडे." मुलीने घेतलं. ही परत जागेवर आली, झांज उचलली, आणि मेंढपाळ पुढे चालायला लागला.

लोकांना कळायला लागलं होतं. कुजबुज झाली आणि थांबली. मेंढपाळ परत टेकडीवर होता. तिचा श्वास लागला होता. न राहवून मी हलकेच सूर धरला, म्हटलं सूर ऐकून तरी आठवेल. ती माझ्याकडे वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, थांबा. अजून सापडलं नाही."

मी भाता सोडला.

तेवढ्यात पटकेवाले आजोबा काठीवरून हनुवटी न उचलता म्हणाले, "मेंढी सापडनी का, माय?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "शोधतेय."

"मंग त्या बाभूळकडे दख ना. तठे सावली शे."

ती बाभळीकडे गेली. म्हणजे तो मेंढपाळ गेला. तिथे नव्हतं. मागून एक बाई म्हणाली, आमच्या विहिरीवर बघा, बाई, कठडा तुटलाय तिथं. ती विहिरीवर गेली. वाकून पाहिलं. दुसरी म्हणाली, देवळामागं बघा. तबलजी म्हणाला, गुरुजींच्या वाडग्यात बघा, तिथं मोकाट जनावरं जातात. कुणी हसलं नाही. एकही माणूस उठला नाही. अख्खं गाव जागा सुचवत होतं आणि ती एकेका जागी जाऊन बघून येत होती आणि प्रत्येकाला सांगत होती, "नाही हो, तिथेही नाही." जन्मभर ती लोकांना त्यांच्या गावातून फिरवत होती. त्या दिवशी लोकांनी तिला फिरवलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायचंही भान नव्हतं. एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं. सापडलं, एवढाच शब्द. मी कबूल केलं नसतं तर बोललोही असतो.

शेवटी ती दमली आणि माझ्याशेजारी पेटीजवळ येऊन बसली. झांज मांडीवर ठेवली. "पाय दुखायला लागले," म्हणाली. कीर्तन ठेवणाऱ्या यजमानांनी उभं राहून छोटीशी प्रार्थना केली. लोक उठले, पण निघून गेले नाहीत. बायका येऊन तिच्या हाताला हात लावून जात होत्या. ती लहान मुलगी कापडी मेंढरू परत द्यायला आली. मी म्हटलं, राहू दे बाळ तुला.

त्यानंतर कीर्तन झालं नाही. पेटीवर खोळ चढली. घरी ती रोज संध्याकाळी एकदा तरी विचारायची, सापडलं का हो, आणि मी सांगायचो, सापडेल. मग ते विचारणंही बंद झालं. मुलगी आली तर ती तिला "या, बसा" म्हणायला लागली. मुलगी स्वयंपाकघरात जाऊन रडायची. मी तिला समजावायचो, ओळख करून द्यायची आपण, त्यात काय. रोज सकाळी मी चहा घेऊन जायचो आणि म्हणायचो, फोटोतली ही तुझी मुलगी, हे आपलं घर, त्या समोरच्या वहिनी. सगळ्यांची ओळख करून देताना मी माझी देत नव्हतो. गरजच पडत नव्हती. सगळं पुसत चाललं होतं, पण मला बघून ती "अहो" म्हणायची. अहो, पाणी द्या. अहो, लाइट गेली. तेवढ्या एका हाकेवर मी दिवस काढत होतो. टपरीवर ज्याचा राग आला होता तेच मनात म्हणायचो, गोष्ट गेली ना, जाऊ दे, माणूस तरी राहू दे.

परवाची गोष्ट. ऊन उतरलं होतं. मी पेटीची खोळ काढून ती दारात घेऊन बसलो होतो, पट्ट्यांमध्ये धूळ बसली होती ती पुसत. वहिनी त्यांच्या ओट्यावर भाजी निवडत होत्या. ही आतून आली. उंबऱ्यात उभी राहिली. पेटीकडे पाहिलं. आणि तिने पदर कमरेला खोचला.

वहिनींनी हातातली जुडी खाली ठेवली.

तिने सुरू केलं. मधलं काहीच झालं नसावं तसं, जुन्या, भरल्या आवाजात. संध्याकाळी मेंढरं मोजली, एक कमी भरलं. बायको म्हणाली, एकच ना. तो म्हणाला, ते एकच तर. मी भात्यावर हात ठेवला. मेंढपाळ आमच्या गल्लीतून निघाला. चर्चच्या कंपाउंडला वळसा घातला. भाजीच्या गाडीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, सकाळपासून दिसलं नाही. चौकात गेला. इस्त्रीवाल्याच्या टपरीमागे पाहिलं. वहिनींच्या फाटकातून आत डोकावला. एकही जागा दुसऱ्यांदा आली नाही. वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. मी भात्यावरचा हात हलू देत नव्हतो, वाटलं, आवाज झाला तर ही चुकेल. मेंढपाळ परत फिरला, आमच्या ओट्याच्या पायरीशी आला, थांबला. ती वाकली. तिचा हात माझ्या खांद्यावर आला. स्कूटरवर असायचा, त्याच खांद्यावर.

"सापडलं," ती म्हणाली.

माझं बोट पट्टीवर होतं. पण ती अजून बोलत होती. माझ्या तोंडाकडे बघत, फार मायेने, अनोळखी म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं.

"दादा, कुठून आलात तुम्ही? किती दमलाय. घरचे शोधत असतील ना." आणि मग समोर वहिनींकडे वळून म्हणाली, "अहो ताई, यांना कुणीतरी घरी पोचवा हो."

वहिनींनी तोंडाला पदर लावला.

तिने खांद्यावरचा हात काढला नव्हता. ती थांबली होती, मान जराशी कलती करून, नेहमी थांबायची तशी. तिच्या तोंडून आख्यान पूर्ण झालं होतं. आता पेटीची पाळी होती. मी भाता ओढला आणि वरचा सा धरला.